‘बहुतेक वेळा’ या उत्तराच्या आत



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुप्तरोगाच्या रुग्णांनाही बाकीच्यांच्याच रांगेत बसवत, असं आयोजकांनी मला फोनवर सांगितलं. तेवढ्या एका माहितीवर मी होकार दिला. विषय ‘कंडोमचा नियमित वापर आणि गुणात्मक संशोधन’ असा कळवला होता. निमंत्रणपत्रिकेवर तो ‘लैंगिक आरोग्य : काही विचार’ असा छापून आला आहे. कंडोम छापखान्याच्या वाटेवर कुठेतरी गळला. माझी तक्रार नाही. तास-दीड तास ज्यावर बोलायचं त्याचा पहिला पुरावा पत्रिकेनंच दिला, आणि तोही पदरचे पैसे न घालता मिळाला.

एका अभ्यासापासून सुरुवात करते. १९९४ साली युरोपातल्या एका संशोधकगटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडप्यातल्या एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी त्यांनी काही काळ पाहिली होती. त्यांतली १२४ जोडपी प्रत्येक संबंधाच्या वेळी, न चुकता कंडोम वापरत होती. या जोडप्यांत सुमारे १५,००० वेळा संबंध आला आणि एकाही जोडीदाराला लागण झाली नाही. दुसरी १२१ जोडपी कधी वापरत, कधी नाही. त्यांच्यात दर शंभर जोडीदारांमागे वर्षाला जवळपास पाच जणांना नव्याने लागण होत गेली. गर्भधारणेचंही तसंच आहे. प्रत्येक वेळी आणि नीट वापरलं तर वर्षाला शंभरात दोन बायकांना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसं वापरतात तसं धरलं तर तेरा जणींना. वस्तू तीच असते. फरक पडतो तो तिच्या वापरात पडणाऱ्या खंडामुळे.

हा खंड कुठे पडतो, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो वाटेल तिथे पडत नाही. पुण्यात हेल्मेट जसं पुढच्या चौकात पोलीस दिसला की हँडलवरून डोक्यावर चढतं, आणि गल्लीत शिरलं की पुन्हा उतरतं, तसं कंडोमचं असतं. माणूस आपल्या हिशेबाने धोक्याची जागा ठरवतो. तो हिशेब साथरोगशास्त्राच्या हिशेबाशी जुळत नाही, पण तो असतो, आणि त्याच्या परीने चोख असतो. संशोधकाने आधी तो समजून घ्यायला हवा.

आता आपण तो हिशेब कसा विचारतो ते पाहा. प्रश्नावलीत प्रश्न असतो : तुम्ही कंडोम किती वेळा वापरता? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही. समोर ओळखपत्र लटकवलेली मुलगी फॉर्म घेऊन बसलेली, आणि बहुतेकदा ती ज्या संस्थेची, तीच संस्था कंडोम वाटणारी. अशा वेळी ‘बहुतेक वेळा’ हे उत्तर म्हणजे पाहुण्यांशी दाखवलेलं सौजन्य. खोटं म्हणता येत नाही, आणि हाताला काही लागतही नाही. कर्नाटकात यावर एक नामी युक्ती काढली गेली. दहा-बारा जणींना एकत्र बसवायचं, प्रत्येकीपुढे पुठ्ठ्याचा आडोसा करायचा आणि मतदानासारखं करायचं. प्रश्न मोठ्याने वाचला जातो, प्रत्येक जण आपलं कार्ड ‘हो’च्या किंवा ‘नाही’च्या पेटीत टाकते, कुणाचं कुठलं ते कुणालाच कळत नाही. समोरासमोरच्या मुलाखतीत कंडोमच्या वापराचं जे चित्र दिसत होतं, ते या पेट्यांतून बरंच खाली आलं. बायका त्याच होत्या. समोरचा चेहरा तेवढा काढून घेतला होता.

तेव्हा खरा आकडा काढायचे मार्ग आहेत. पण ‘नाही’च्या पेटीत पडलेलं कार्ड तिथं का पडलं हे पेटी सांगत नाही. तिथून पुढे ज्याला आम्ही गुणात्मक संशोधन म्हणतो ते सुरू होतं. दीर्घ मुलाखती, गटचर्चा, वस्तीत नुसतं बसून राहणं, पुन्हा पुन्हा जाणं. यात आकडेमोड नसते म्हणून ते सोपं असतं असा एक समज सरकारी कचेऱ्यांत आहे. एका तासाच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला पाच-सहा तास लागतात. त्यात हसणं, थांबणं, मध्येच ‘चहा घ्या’ म्हणणं हेही लिहायचं असतं, कारण नेमकं कुठल्या प्रश्नाला चहा आला हे महत्त्वाचं असतं.

या कामातलं एक हत्यार मला फार उपयोगी वाटतं. ‘तुम्ही सहसा काय करता?’ असं विचारायचंच नाही. ‘शेवटच्या वेळी काय झालं, ते पहिल्यापासून सांगा’ असं विचारायचं. ‘सहसा’ म्हटलं की माणूस आपल्याविषयीचं मत सांगतो. ‘काल’ म्हटलं की घडलेलं सांगतो.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका वस्तीत धंदा करणाऱ्या एका बाईंशी मी बोलत होते. वयाने माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायचे. खोली दहा बाय आठची, पडदा टाकून दोन भाग केलेले. उशाशी बिस्किटाचा डबा, त्यात सरकारी निरोधच्या पट्ट्या. अक्का त्या वस्तीत निरोध वाटणाऱ्या, नव्या मुलींना लाकडी नमुन्यावर दाखवून शिकवणाऱ्या. त्यांचं उत्तर ठाम होतं : ‘‘गिऱ्हाईक बिगर टोपीचं घेतच न्हाय मी. जादा बोललं तर चप्पल दावते.’’ फॉर्मवर मी ‘नेहमी’च्या चौकोनात खूण केली असती. मग मी विचारलं, काल रात्री शेवटचं कोण आलं होतं? ‘‘काल रातीला कोन न्हवतं. मालक आलता.’’

कोणी नव्हतं, मालक, म्हणजे त्यांचा कायमचा माणूस, आला होता. मी म्हटलं, मग मालकाच्या वेळी? त्या माझ्याकडे, एखाद्या शिकलेल्या पण बिनअकलेच्या मुलीकडे पाहावं तसं पाहत राहिल्या. ‘‘त्येचं काय लिवताय त्यात? त्यो गिऱ्हाईक हाय व्हय?’’ थोड्या वेळाने स्वतःहूनच पुढे बोलल्या. ‘‘त्येला टोपी दिली तर म्हनंल, मग मी बी गिऱ्हाईकच का? पोराच्या शाळेत नाव त्येचं लागलंय. आजारी पडले तवा दवाखान्यात त्योच घिऊन गेलता.’’ मालक यायच्या दिवशी तो बिस्किटाचा डबा माळ्यावर जातो, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

कंडोमच्या प्रचाराला वीस-पंचवीस वर्षं जे कोडं सुटत नव्हतं, ते त्या डब्याच्या उशापासून माळ्यापर्यंतच्या प्रवासात आहे. अक्कांना माहिती कमी नव्हती. वस्तीला त्याच शिकवत होत्या. वस्तू हाताशी होती. ग्राहकाला नकार द्यायची ताकदही होती. पण दिवसाला पाच वेळा जी वस्तू ‘तू परका आहेस’ असं सांगायला वापरली जाते, ती सहाव्या माणसाला देणं म्हणजे त्याला परका करणं. कंडोम न वापरणं हीच त्या नात्याची निशाणी, जवळजवळ मंगळसूत्रासारखी. भारतात आणि भारताबाहेर, जिथे जिथे अशा मुलाखती नीट घेतल्या गेल्या तिथे तिथे संशोधकांना हाच उतार दिसला : नव्या ग्राहकाबरोबर वापर सर्वांत जास्त, नेहमीच्या ग्राहकाबरोबर कमी, प्रियकर-नवऱ्याबरोबर सर्वांत कमी. जिव्हाळा वाढतो तसा कंडोम मागे पडतो. अशा माणसाला ‘एड्स प्राणघातक आहे’ हे पोस्टर दाखवून काय होणार? त्याच्या मते तो धोक्याच्या जागेतून बाहेर येऊन घरी पोहोचलेला असतो.

आणखी एक गोष्ट त्या वस्तीत कळली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. मालकालाही कंडोम वापरायला लावणाऱ्या काही जणी होत्याच. आम्ही संशोधक बहुधा न वापरणाऱ्यांच्या मागे लागतो. ज्यांना जमलं त्यांच्याकडे जाऊन ‘कसं जमवलंत?’ हे विचारत नाही. त्यांचं उत्तर साधं होतं. रोगाचं नावच काढायचं नाही. ‘पिशवीला सूज आलीय, डॉक्टरीणबाईंनी तीन महिने टोपी वापरायला सांगितलंय.’ यात कुणाच्या निष्ठेवर बोट नाही, कुणी परका नाही. तीन महिन्यांचे सहा होतात, सहाचं वर्ष. प्रचाराला हवी असते ती अशी वापरता येण्याजोगी सबब, आणि ती जाहिरात कंपनीच्या टेबलावर तयार होत नाही.

पैशाचा भागही असाच. कलकत्त्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत १९९३ साली गोळा केलेल्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला, की कंडोमचा आग्रह धरणाऱ्या स्त्रीला त्यापायी ६६ ते ७९ टक्के कमाईवर पाणी सोडावं लागत होतं. पुरुष बिगर कंडोमचे जास्त पैसे मोजत होते. म्हणजे ‘आरोग्याची काळजी घ्या’ या उपदेशाचा अर्थ तिच्यापुरता ‘दोन तृतीयांश पगार सोडा’ असा होत होता. तुमच्या-माझ्यापैकी कितीजण सोडतील?

सोनागाछीत १९९२ साली काम सुरू करणारे डॉ. स्मरजित जाना साथरोगतज्ज्ञ होते. रोगाची पाहणी करायला म्हणून ते गेले. पण बायका काय बोलतात हे त्यांनी ऐकलं, आणि त्या रोगाविषयी बोलतच नव्हत्या. पोलिसांची धाड, गल्लीतले गुंड, सावकाराचं व्याज, मुलांचा शाळेतला प्रवेश यांविषयी बोलत होत्या. जानांनी हे प्रश्न ‘आपल्या विषयाबाहेरचे’ म्हणून बाजूला टाकले नाहीत. वस्तीतल्याच स्त्रिया कार्यकर्त्या झाल्या, १९९५ साली दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, त्याच वर्षी ‘उषा’ ही त्यांची स्वतःची सहकारी पतसंस्था निघाली. सावकाराच्या दारात जावं लागलं नाही तर एखादं गिऱ्हाईक परत पाठवणं परवडतं. सुरुवातीला शेकडा तीनच्या आसपास असलेला कंडोमचा वापर दशक संपता संपता नव्वदीच्या घरात गेला. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वेश्यावस्त्यांत लागणीचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं असताना सोनागाछीत ते दहाच्या आसपास राहिलं. दोन शहरांतला सगळा फरक एका पतसंस्थेने पाडला असं मी म्हणणार नाही. पण बचतखात्याचा कंडोमशी संबंध आहे, हे कुठल्या प्रश्नावलीत सापडलं असतं?

आपल्या सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेचं आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेचं काम याच अंगाने झालं. गोकुळनगरातल्या बायकांनी कंडोम वाटपाचं काम स्वतःकडे घेतलं. गल्लीतली एकटी नाही म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्या जणी नाही म्हणाल्या तर त्याला जायला दार उरत नाही. हा व्यवहारी शहाणपणा बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाचा नव्हे. २००५ साली वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून देण्याची अट अमेरिकी सरकारच्या मदतीला जोडलेली होती, तेव्हा ‘संग्राम’ने त्या पैशावर पाणी सोडलं. ज्यांचं ऐकून घ्यायचं त्यांच्या धंद्याचा निषेध आधी सहीनिशी नोंदवायचा, आणि मग ‘बोला, मनमोकळं बोला’ म्हणायचं, हे जमणारं नव्हतंच.

पोलिसांचा मुद्दा या सगळ्या ठिकाणी येतो. झडतीत पर्समध्ये चार कंडोम सापडले की तोच धंद्याचा पुरावा, अशी रीत. म्हणजे आरोग्य खातं जे हातात देतं तेच गृह खातं मुद्देमाल म्हणून जप्त करतं. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायका म्हणूनच एकच कंडोम बाळगतात, किंवा एकही नाही. हे मुलाखतींतून वर्षानुवर्षं येत होतं. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, त्यांत कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये हेही आलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत ते पोचलं की नाही, हे आता पर्स बाळगणारीलाच विचारायला हवं.

आता मुंबई, आणि पुरुष. पुरुषांना विचारायचं कसं? ‘एड्सविषयी तुमचं मत’ म्हटलं की ते भाषण देतात. २००० नंतरच्या काही वर्षांत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून मुंबईच्या ईशान्य भागातल्या वस्त्यांत ‘रिश्ता’ नावाचा प्रकल्प केला. त्यांनी पुरुषांच्या स्वतःच्या काळजीपासून सुरुवात केली. एचआयव्ही त्या काळजीत फार खाली होता. वर होतं ते, त्यांच्या भाषेत, ‘गुप्तरोग’ : कमजोरी, धातू जाणं, लवकर आटोपणं. हे सांगायला पुरुष वस्तीतल्या वैद्य-हकिमाकडे आणि छोट्या दवाखान्यांत आपण होऊन जात होते, पैसे मोजत होते. मग प्रकल्पाने त्या डॉक्टर-वैद्यांनाच हाताशी धरलं. रुग्ण कमजोरीचं गाऱ्हाणं घेऊन आला की त्याला चूर्ण देऊन वाटेला लावायचं नाही. हे कधीपासून, घरात काय चाललंय, दारू किती, बाहेर कुठे जाता का, अशी त्याची सगळी कहाणी ऐकायची आणि तिथे कंडोमची गोष्ट काढायची. आपल्या रेल्वे डब्यांतली ‘शर्तिया इलाज’वाली पत्रकं पाहून आपण हसतो. पण पुरुष कुठल्या दाराशी स्वतःहून बोलतो, याचा तो छापील नकाशाच आहे.

त्याच काळात, २००२च्या अखेरीस, मुंबईभर फलक लागले : बलबीर पाशाला एड्स होईल का? हिंदीत होते, नेमके शब्द तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असतील. लोकल, बस, नाके, सगळीकडे बलबीर पाशा. हा कोण, असं लोक एकमेकांना विचारू लागले. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ती मोहीम होती आणि तिच्यामागे मुंबईतल्या पुरुषांशी केलेल्या बोलण्याचा आधार होता. स्वतःविषयी माणूस बोलत नाही, दुसऱ्याविषयी तासभर बोलतो. म्हणून एक दुसरा माणूस तयार केला. वापरात खंड कुठे पडतो याच्या ज्या जागा बोलण्यातून हाती आल्या, त्याच मोहिमेचे भाग झाले : दारू चढली की राहून जातं, समोरची व्यक्ती धडधाकट दिसते म्हणून राहून जातं, आणि मी एकीकडेच जातो म्हणून राहून जातं. त्या एकीचं नाव मंजुळा.

मोहीम हुशार होती हे मान्य. नाक्यावरच्या गप्पांत एड्स हा शब्द इतका सहज त्याआधी आला नव्हता. पण मंजुळापाशी मी अडखळते. पुरुषांच्या मुलाखतींतून पुरुषांचा हिशेब काढला, तो फलकावर चढवला, आणि त्या हिशेबात मंजुळा ही रोग देणारी बाई होऊन बसली. मंजुळाला कुणी विचारलं असतं तर तिनं कदाचित माझ्या अक्कांसारखंच सांगितलं असतं, की डबा माळ्यावर ठेवायला लावणारा बलबीरच आहे. संशोधन अर्धंच ऐकेल, तर जाहिरात त्या अर्ध्याचंच सत्य करते. यानंतर ‘बिंदास बोल’ आली, २००८ साली मोबाइलवर कंडोम-कंडोम म्हणणारी धूनही आली. लाज घालवण्याचं काम त्यांनी बऱ्यापैकी केलं. तरी निमंत्रणपत्रिका आपल्यासमोर आहेच.

थायलंडचा दाखला या विषयात नेहमी दिला जातो म्हणून दोन वाक्यं. १९८९ साली राचाबुरी प्रांतातून सुरुवात करून त्यांनी कुंटणखान्यांत शंभर टक्के कंडोमचा नियम केला, न पाळणारं ठिकाण बंद करण्याची धमकी खरी केली, आणि काही वर्षांत वापर चौदा टक्क्यांवरून नव्वदच्या वर नेला. पण नियम कुंटणखान्याच्या दारापर्यंत चालतो. घराच्या दारात कोण तपासणार?

आणि खरं तर मला घराविषयीच बोलायचं आहे. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण होती. बहुतेक जणी विवाहित, आणि बहुतेकींचा आयुष्यात संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. ‘एकनिष्ठ राहा’ हा सल्ला त्यांनी अक्षरशः पाळलेला होता. तोपर्यंत सगळा प्रचार वस्ती, ट्रक आणि ढाब्यांकडे तोंड करून उभा होता.

लग्नाच्या आत कंडोमला जागा कुठली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, विवाहित जोडप्यांपैकी ९.५ टक्के कंडोम वापरत होती. स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. आणि ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं, की गर्भनिरोधन ही बाईची भानगड आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायचं कारण नाही. या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे लग्नातला कंडोम फक्त एकाच कारणासाठी बोलता येतो : पाळणा लांबवायला. आणि ऑपरेशन होतं त्या बायकांपैकी बहुतेकींचं ते पंचविशीच्या आसपास, दुसऱ्या मुलाच्या पाठोपाठ उरकलेलं असतं. ऑपरेशन झालं, किंवा तांबी बसवली, की तिच्या हातातलं ते एकमेव सभ्य कारणही जातं. त्यानंतर तिने कंडोमचं नाव काढलं तर त्याचे दोनच अर्थ : तुझा माझ्यावर विश्वास नाही, नाहीतर तुझंच काहीतरी आहे. कुटुंबनियोजनाच्या यशानेच एड्स-प्रतिबंधाची वाट बुजवली, असं मी म्हणते तेव्हा आरोग्य खात्यातले माझे मित्र नाराज होतात. पण खेड्यातल्या बायकांशी बोलताना ‘ऑपरेशन झालंय की, मग कशाला?’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं, की दुसरा निष्कर्ष मला काढता येत नाही.

घरातल्या अडचणी विचारल्या की फार बारीक गोष्टी निघतात, आणि त्या फालतू नाहीत. एका खोलीत सासू, दोन मुलं. अंधारात पाकीट फाडल्याचा आवाज होतो. वापरून झाल्यावर टाकायचं कुठं? चाळीचा संडास तुंबतो, ओला कचरा-सुका कचरा वेगळा करणारी बाई ओळखीची, उकिरड्यावर टाकलं तर कुत्रं अंगणात आणतं. आशाताई निरोध देतात तो सुनेच्या हातात, आणि वापरायचा असतो मुलाने. ती पट्टी कपाटात पडून राहते, नाहीतर धाकटा तिचे फुगे करतो. पुरुषाशी बोलणारा आशादादा आपल्या रचनेत नाही.

आपल्याकडे यावर ऐकायला सुरुवात फार आधी झाली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे महाविद्यालयातली प्राध्यापकी त्यापायी गेली, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, शताब्दीच्या भाषणांत येतंच. मला त्यांच्या मासिकातला प्रश्नोत्तरांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक पत्रं लिहून आपल्या शरीराविषयीचे प्रश्न विचारत आणि कर्वे रोखठोक उत्तर देत. उत्तरं आज कुठेही मिळतील. पण मराठी माणूस आडोशाला, नाव झाकून, या विषयावर काय विचारतो याचा पंचवीस वर्षांहून लांब चाललेला तो नमुना आहे, आणि खटला भरणाऱ्यांना नेमके तेच प्रश्न खुपले होते. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांचं त्यांच्याच बोलीत ऐकून ‘कानोसा’ लिहिलं. उत्तर देण्याआधी प्रश्न नीट ऐकायचा, ही या दोघांची शिस्त.

सरकारने मात्र वस्तू आधी विचारात घेतली. १९६८ साली निरोध आला, पाच पैशाला एक, आणि चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून देशभर गेला. पुढच्या वर्षी तिरुवनंतपुरमला हिंदुस्थान लॅटेक्सचा कारखाना सुरू झाला. वितरण म्हणून ते काम अफाट होतं. पण वस्तू पानाच्या ठेल्यापर्यंत पोचली की काम झालं, ही सवय तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही. आजही जिल्हा अहवालात ‘वाटलेले कंडोम’ हाच रकाना असतो. धाकट्याचे फुगेही त्यातच मोजले जातात.

तर संशोधनाची पुढची फेरी कुठे घ्यावी? मला विचाराल तर औषधाच्या दुकानात. २००७ साली आय-पिल ही गर्भनिरोधक गोळी टीव्हीवर जाहिरात करत बाजारात आली. शहरातल्या तरुण जोडप्यांना दिवस जाण्याची भीती सर्वांत मोठी असते, आणि ती भीती दुसऱ्या दिवशी एका गोळीने मिटते. त्यामुळे तिथेही कंडोमचं जुनं कारण गळून पडतंय, ऑपरेशन झालेल्या बाईच्या बाबतीत गळलं तसंच. फक्त वय वीस आहे आणि गाव पुणे आहे. ही गोळी एचआयव्हीपासून काहीच संरक्षण देत नाही. काउंटरमागच्या माणसाला हे रोज दिसतं : कोण कंडोम मागतं, कोण गोळी मागतं, कोण आधी क्रोसिन मागून घुटमळतं, शनिवारी रात्री काय खपतं आणि रविवारी सकाळी काय. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देणाऱ्या त्या माणसाकडून संशोधनासाठी वेळ मागावा, दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. त्याने परवानगी दिली तर दुकानात एक स्टूल टाकून महिनाभर बसावं. मग मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहांत वेगवेगळ्या मुलाखती घ्याव्यात, आणि प्रश्न एकच ठेवावा : शेवटच्या वेळी काय झालं, ते पहिल्यापासून सांगा.

या कामाचा प्रस्ताव मी लिहायला घेतला आहे. सभागृहात औषधविक्रेते कुणी असतील तर कार्यक्रमानंतर थांबावं, मला बोलायचं आहे.